म्हातारीचं बाजलं

आपल्याला कुणाचा हेवा वाटत नाही, असं सिंधुबाई पळसदेवात चारचौघींत सांगायची आणि ते बरंचसं खरंही होतं. शेजारच्या मळेकऱ्यानं नवा ट्रॅक्टर आणला तेव्हा त्याला हळदकुंकू लावायला हीच पुढं. धाकट्या जावेनं दुमजली घर बांधलं, तर वास्तुशांतीच्या पुरणपोळ्या हिनंच लाटल्या. दुसऱ्याचं बरं झालं तर बाई मनापासून खूश व्हायची. पण बारामतीच्या विहीणबाईंचं नाव कुणी काढलं, की तिच्या पोटात जे दुखायला लागायचं, त्याला ओवाही चालत नव्हता आणि हिंगही.

या विहीणबाई म्हणजे अनिताबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मालक वारलेले, स्वतःचं दुमजली घर, खाली एक खोली वाढवलेली आणि वर गच्ची. सिंधुबाईचा एकुलता एक लेक अविराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, सून प्रगती बँकेत. दोघं राहायला कुठं, तर अनिताबाईंच्याच वरच्या मजल्यावर. लेकानं सासूच्या घरात बिऱ्हाड केलं म्हणून गावात कुणी काही बोललं नाही, पण सिंधुबाईला ते न बोललेलंच जास्त ऐकू यायचं. तेही तिनं गिळलं असतं. नात मात्र काही केल्या गिळता येईना.

नात श्रेया, तिसरीतली. शाळेतून यायची ती थेट खाली आजीकडं. खाणं तिथं, अभ्यास तिथं, रुसणं तिथं आणि झोपही पुष्कळदा तिथंच. आणि सगळ्यात झोंबायचं ते हे, की पोरगी अनिताबाईंना नुसतं 'आजी' म्हणायची आणि सिंधुबाईला 'पळसदेवची आजी'. आता सांगा, एसटीच्या पाटीवर लिहावं तसं गावाचं नाव लावून कुणी आजीला हाक मारतं का? सिंधुबाई बारामतीला पेरूची पाटी धाडायची, निवडून, डाग नसलेले, झाडावरच पिवळे झालेले. फोन केला की श्रेया म्हणायची, छान होते, आजीनं मीठ-तिखट लावून दिले. झालं. पेरू पळसदेवचे, राबलो आम्ही, आणि नाव मिठाचं.

सिंधुबाईचं मागणं काही फार मोठं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत पोरीनं एकदा तरी महिनाभर पळसदेवला राहावं. आईबापाबरोबर यावं, पण त्यांच्याबरोबर परत जाऊ नये, एवढंच. आजवर ते एकदाही जमलं नव्हतं. दोन दिवस झाले की पोरगी गाडीत जाऊन बसायची आणि काचेतून टाटा करायची.

गेल्या दिवाळीला अविराज प्रगतीला आणि श्रेयाला घेऊन आला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी श्रेया अंगणात रांगोळी काढायला बसली. सिंधुबाईनं तिच्यासाठी इंदापूरच्या बाजारातून सगळे रंग आणून ठेवले होते. पोरीनं एकाही रंगाला हात लावला नाही. पांढरी रांगोळी चिमटीत घेतली, पाच ठिपके टाकले आणि ते वरखाली, वरखाली रेघांनी जोडले. सिंधुबाईनं विचारलं, हे काय, पायऱ्या काढल्यास का? श्रेया म्हणाली, शर्मिष्ठा. आणि पदराला धरून तिला अंगणाच्या मधोमध घेऊन गेली. उत्तरेला पाण्याची टाकी आहे, तिच्या बरंच वर बोट केलं. तिथं खरोखरच पाच चांदण्या तशाच वरखाली मांडलेल्या होत्या.

"आजीनं शिकवलं," श्रेया म्हणाली. "ही सापडली की ध्रुवतारा शोधता येतो. आम्ही रोज गच्चीवर जातो."

आता अमावस्येची रात्र, अंगण सिंधुबाईचं, टाकी पळसदेव ग्रामपंचायतीची, आणि वर आभाळात जाऊन बसलीय कोण, तर बारामतीची विहीण. बाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी तिनं आवाज गोड ठेवला आणि मे महिन्याचा विषय काढला. तर पोरगी म्हणे, नाही जमणार, संध्याकाळी मला आजीबरोबर गच्चीवर जावंच लागतं.

"चांदण्या काय बारामतीतच हायत व्हय गं?" सिंधुबाई म्हणाली. "तुझ्या त्या पाच ठिपक्यांचं काय घिऊन बसलीस? आमच्या हितं आख्खं बाजलं हाय आभाळात. म्हातारीचं बाजलं."

श्रेयानं असलं काही ऐकलं नव्हतं. मग सिंधुबाई ओट्यावर ऐसपैस बसली आणि तिला तिच्या आईनं सांगितलेली गोष्ट सांगायला लागली. एक म्हातारी होती, तिच्या बाजल्याचे चारी पाय चांदीचे. ते चोरायला तीन चोर आले, एकामागं एक ओळीनं उभे राहिले, म्हातारीला कधी डोळा लागतोय याची वाट बघत. पण म्हातारी बेरकी. पडून राहते, झोपत नाही. म्हणून चोर अजून उभेच आहेत आणि बाजलं अजून जागच्या जागी आहे. गोष्ट सांगताना सिंधुबाई रंगात आली, पोरगी तिला चिकटून बसली, आणि बाईला वाटलं, आता आली गाडी रुळावर.

"दाखव," श्रेया म्हणाली. "दाखवलंस तर मी मे महिनाभर राहते."

सिंधुबाई ताडकन उठली. टाकीच्या वर बघितलं, तिथं शर्मिष्ठा. टाकीच्या खाली बघितलं, तिथं ऊस. चुलीकडच्या भिंतीला वळसा घालून गोठ्यामागं गेली, परत आली, मान मोडेस्तोवर वर बघितलं. बाजलं कुठंच नाही. चार पाय नाहीत, तीन चोर नाहीत. लहानपणापासून जे डोक्यावर बघितलं, ते गेलं कुठं?

तिची चूक काय झाली ते सांगतो. सिंधुबाईनं उभ्या जन्मात आभाळ बघितलं ते उन्हाळ्यात. उकडायला लागलं की सगळं घर अंगणात बाजा टाकून झोपणार, आणि उताणं पडलं की समोर तेच बाजलं. पावसाळ्यात पत्र्याखाली, थंडीत वाकळंत. दिवाळीच्या संध्याकाळी वर बघायला वेळ असतो कुणाला? पणत्या, फराळ, पाहुणे, दुभती जनावरं. त्यामुळं बाजलं म्हणजे आपल्या अंगणावरचीच वस्तू, कधीही वर बघा, असणारच, अशी तिची पक्की समजूत. तिच्या घरात कुणालाही विचारलं असतं, तरी हेच सांगितलं असतं.

पोरगी मागं मागं, "कुठंय? कुठंय?" शेवटी सिंधुबाई म्हणाली, चोरांनी नेलं वाटतं आज. श्रेया इतकी हसली, इतकी हसली, की हसतच आत गेली आणि तिनं बारामतीला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा. आजी, पळसदेवच्या आजीचं बाजलं हरवलं. सिंधुबाई दाराआड उभी. आता विहीण फिदीफिदी हसणार आणि आपण काय काय ऐकवायचं, याची जुळवाजुळव तिनं मनात सुरूही केली होती.

पण अनिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला समजावलं, की पळसदेवच्या आजीचं अगदी बरोबर आहे, ते सप्तर्षी. या दिवसांत संध्याकाळी ते जमिनीच्या खाली असतात, पहाटे वर येतात, आणि उन्हाळ्यात तर जेवणवेळेलाच डोक्यावर असतात. मे महिन्यात नक्की दिसतील, आजी खोटं सांगत नाही.

एवढं ऐकलं आणि सिंधुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. हसली असती तर बरं झालं असतं. ही बाई सावरून घेते म्हणजे काय? आमची लाज राखणारी ही कोण? आमच्या अंगणातलं बाजलं कुठं गेलं ते आम्हाला ठाऊक नाही आणि ते हिला बारामतीत बसून ठाऊक आहे, आणि वर मोठेपणा असा, की आमचंच बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालताना सिंधुबाईनं पहिला तांब्या त्या पाच ठिपक्यांवर ओतला. अंगण धुवून निघालं, मन काही निघालं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं पहाटे ती धार काढायला उठली. बादली घेऊन गोठ्याकडं निघाली आणि सहज पूर्वेकडच्या कोपऱ्यात तिची नजर गेली. जावेच्या घराच्या वर चांदण्यांचं काहीतरी लटकत होतं. ओळखीचं वाटत होतं, पण ध्यानात येईना. तिनं मान कलती केली, आणखी कलती केली, बादली खाली ठेवली आणि मग उमगलं. बाजलंच होतं ते. दिवसा आपण बाज भिंतीला उभी करून ठेवतो, तसं उभं केलेलं. चारी पाय वर आणि तिघं चोर खाली लोंबकळत होते.

सिंधुबाईनं घाईघाईनं नवऱ्याला उठवलं. दत्तोबा डोळे चोळत बाहेर आला, वर बघितलं, "हाय की," म्हणाला आणि परत जाऊन झोपला. त्या माणसाचं बोलणं जन्मभर एवढंच. सिंधुबाईचा हात फोनकडं गेला होता, श्रेया निघताना म्हणालीच होती, सापडलं की सांग. पण फोन केला तर काय होणार? बारामतीच्या आजीनं 'पहाटे वर येतात' असं सांगितलं होतं, पहाटेच दिसलं, म्हणजे विहीणबाईंचं खरं झालं हे आपल्याच तोंडानं सांगायचं. तिनं फोन केला नाही. गाय पान्हा चोरून बसली होती, तिला दोन शिव्या हासडल्या आणि धार काढली. मे येऊ दे, म्हणाली, मग बघते.

मे आला. उजनी धरणाचं पाणी मागं हटलं, त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं आणि ते बघायला शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या. अविराजचा फोन आला, की आम्ही येतोय, आणि प्रगतीच्या आईंनाही देऊळ बघायचंय, त्याही येतायत. सिंधुबाई म्हणाली, येऊ दे की, घर त्यांचंच हाय. आणि फोन ठेवून भांडी अशी आपटली, की दत्तोबा उठून मळ्यात गेला.

गाडी दारात थांबली. अनिताबाई उतरल्या त्या श्रेयाचा हात धरून. उंबऱ्याशी पोरगी म्हणाली, आजी, पायरी. ओट्याशी म्हणाली, आजी, इथं बस. नदीकडं जाऊन देऊळ बघून आले, तिथंही पोरगी हाताला. सिंधुबाई हे सगळं टिपत होती. मिरवणं ते किती मिरवावं माणसानं! दुसऱ्याच्या दारात येऊन, नात कशी माझीच आहे ते पावलापावलाला दाखवायचं? रात्रीची पंगत अंगणात बसली. बाजरीची भाकरी, चिलापी मासळीचं कालवण, ठेचा. श्रेयानं अनिताबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच म्हणाली, ठेचा उजवीकडं आहे. सिंधुबाईनं हातातला घास परत ताटात ठेवला. एवढी शिकलेली बाई, हिला ताटातला ठेचा कुठला ते पोरीनं सांगायचं? लाडाला काही ताळतंत्र?

पण आज तिला कशाचीच फिकीर नव्हती. कारण बाजलं आलं होतं. ताटं उचलली, बाजा टाकल्या आणि सिंधुबाईनं श्रेयाला आपल्या बाजेवर घेतलं. बोट वर केलं. टाकीच्या कितीतरी वर, उत्तरेच्या आभाळात उंच, चारी पाय लख्ख आणि उजव्या हाताला तिन्ही चोर ओळीनं. पोरगी एकेक पाय मोजत गेली, चोर मोजले, आणि मग अशी हरखली, की बाजेवर उभीच राहिली. म्हातारी कुठं झोपलीय, चोरांच्या हातात काय आहे, म्हातारी उठून बसली तर काय होईल, प्रश्नांवर प्रश्न. आणि ते सगळे सिंधुबाईला. इतक्या वर्षांत बाईला असं कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं दिवाळीत सांगितली नव्हती एवढी गोष्ट आता वाढवून सांगितली.

मग तिला राहवेना. पलीकडच्या बाजेवर अनिताबाई बसल्या होत्या, चेहरा वर केलेला, पण भलतीकडंच, गोठ्याच्या अंगाला. सिंधुबाईला गुळाचा खडा तोंडात पडल्यागत झालं.

"तिकडं कुठं बघताय विहीणबाई? हिकडं बघा की. का दिसंना तुमास्नी?"

अनिताबाई नुसत्या हसल्या. उत्तर श्रेयानं दिलं, अगदी साधेपणानं, ताटात ठेचा कुठं आहे ते सांगितलं होतं तसंच.

"आजीला नाहीच दिसत. तिच्या डोळ्यांत मधोमध डाग आहे. शर्मिष्ठा पण मीच बघते आणि तिला सांगते."

अविराजनं मान खाली घातली. मग अनिताबाईंनीच सांगितलं, की दोन वर्षं झाली. कडेकडेनं जरा दिसतं, समोरचं माणूस दिसत नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. सगळ्यांना सांगू नका, असं लेकीला आणि जावयाला त्यांनीच बजावलं होतं, लोक कीव करतात म्हणून. तारे सगळे पाठ होते, शाळेत शिकवलेले. कुठली चांदणी कुठं असायला हवी ते त्या सांगायच्या, आणि आहे की नाही ते पोरगी बघायची. रोज संध्याकाळी गच्चीवर ते चालायचं.

सिंधुबाईला काय वाटलं म्हणता? वाईट वाटलं, वाटायलाच पाहिजे, माणूस होती ती. पण खोटं कशाला सांगू, आधी मनात आलं ते हे, की जिंकले. बाजलं दाखवलं, कबूल केलेलं दाखवलं. तिनं पोरीला विचारलं, मग ऱ्हाणार न्हवं महिनाभर?

श्रेया खाली बसली. विचार करायला लागली. लहान पोरं खरोखर विचार करतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही.

"राहिले असते," ती म्हणाली. "पण तुला सगळं दिसतं, आजी. हिला कोण सांगणार?"

'आजी' म्हणाली होती. गावाचं नाव न लावता. आणि तेच ऐकायला सिंधुबाई इतकी वर्षं थांबली होती, पण ते आलं कशाबरोबर! तुला सगळं दिसतं. म्हणजे तुझं चांगलं चाललंय, तुला माझी गरज नाही. बाईला आजवर विहिणीच्या शिक्षणाचा हेवा वाटला, गच्चीचा वाटला, मिठाचा वाटला. आता तिला विहिणीच्या आंधळेपणाचा हेवा वाटायला लागला. आपले डोळे धडधाकट आहेत, म्हणून आपला हात धरायला कुणी नाही, असं तिला त्या घटकेला वाटलं, आणि असं वाटतंय म्हणून स्वतःची किळसही आली. किळस आली तरी हेवा काही हलला नाही.

तेवढ्यात श्रेयाला काहीतरी आठवलं. मधल्या चोराला खेटून एक अगदी बारकी चांदणी असते, आजीनं सांगितलंय, नीट नजर असेल तरच दिसते. तिनं वर बघितलं, शोधली, सापडली. मला दिसली, म्हणाली. तुला दिसते का?

सिंधुबाईनं वर बघितलं. चांदणी तिथंच होती, मधल्या चोराच्या खांद्याशी, तिळाएवढी, स्वच्छ.

"न्हाय गं," ती म्हणाली. "मला न्हाय दिसत."

"मधला चोर दिसतोय ना? त्याच्या अगदी शेजारी."

"चोर दिसतुया. शेजारी काय न्हाय. तूच दाव बरं."

श्रेया सरकून जवळ आली. तिनं सिंधुबाईचं बोट आपल्या दोन्ही हातांत घेतलं, चुलीच्या धगीनं आणि खुरप्यानं राठ झालेलं, आणि ते वर नेऊन हळूहळू नेम धरल्यासारखं लावलं. इथं. आता? सिंधुबाई म्हणाली, न्हाय. आता? न्हाय बाई. पोरगी चिडली नाही. तिला याची सवय होती. तिनं बोट पुन्हा खाली आणलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, आधी चार पाय, मग पहिला चोर.

पलीकडच्या बाजेवर अनिताबाईंनी मान वळवली होती. त्याच दुपारी ओट्यावर तांदूळ निवडताना सिंधुबाईनं त्यांना मुद्दाम ऐकवलं होतं, की या वयातही आपल्याला चष्मा लागत नाही, सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो. ते सिंधुबाईला आत्ता, बोट आभाळात असताना आठवलं. तिचे कान तापले. आता ही बाई बोलणार, आणि पोरीच्या देखत बोलणार. बोलली तर तिचं काय चुकलं?

"श्रेया, घाई करू नकोस," अनिताबाई म्हणाल्या. "तिला एका रात्रीत नाही दिसणार ती. महिनाभर तरी लागेल. मी उद्या अविराजबरोबर जाते."

परत तेच. परत हिनंच सावरून घेतलं, परत हिनंच दिलं, आणि घेणाऱ्याच्या जागी परत आपण. हा राग होता का दुसरं काय होतं, ते सिंधुबाईचं तिलाच ठरवता येईना. पोरीनं तिचं बोट सोडलं नव्हतं. ती बारकी चांदणी बोटाच्या अगदी टोकावर होती.

"व्हय," सिंधुबाई म्हणाली, "महिना तर लागंलच."